पंपघरापर्यंत आणि परत

“कुठल्या तोंडानं चालणार आहेस तू?” गवंड्यानं विचारलं. त्याची बायको, गावची दूधवाली, म्हशीच्या पोटाला कपाळ टेकवून धार काढत होती. बाहेर अजून झुंजुरकंच होतं आणि धुकं गोठ्याच्या दारापर्यंत येऊन थांबलेलं होतं.

“तोंडानं कोण चालतं? पायानं चालतात,” ती म्हणाली.

“मस्करी नको. लोक काय म्हणतील त्याचा विचार केलास का?”

“वर्षभर म्हणतायतच की. आज वेगळं काय म्हणणार आहेत?”

गवंडी दारात उभ्या उभ्या पायातली वहाण घासत राहिला. माणूस वाईट नव्हता. दिवसभर दुसऱ्यांच्या भिंती ओळंब्यात आणायच्या आणि घरी आल्यावर कमरेला हात लावून बसायचं, एवढंच त्याला येत होतं. आज त्याला दुकानदाराच्या गोदामाचं काम होतं. त्या निमित्तानं शाळेकडे फिरकायला नको, म्हणून तो मनातून सुटल्यासारखा झाला होता. बायको मात्र गळ्यात कार्ड अडकवून सगळ्या गावासमोर चालणार, हे काही त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं.

“त्या पोरीला तरी विचारलंस?” त्यानं आत, घराकडे मान हलवली.

शेवटच्या चार धारा काढून दूधवाली उठली, तेव्हा गुडघे कटकन वाजले.

आता हे चालण्याचं प्रकरण काय, ते सांगायला हवं. त्या गावच्या शाळेनं दहा-बारा वर्षांपूर्वी एक गोष्ट सुरू केली होती. मक्याची कापणी आटोपली की एका रविवारी गावातल्या माणसांनी शाळेच्या फाटकापासून कालव्याच्या कडेकडेनं पंपघरापर्यंत चालायचं आणि परत यायचं. जाऊन-येऊन चौदा किलोमीटर. चालणाऱ्या प्रत्येकामागे कुणीतरी उभं असायचं. कधी दूध केंद्र, कधी गोदामवाले, कधी शहरात जाऊन स्थिरावलेली शाळेचीच जुनी मुलं. दर किलोमीटरला अमुक द्यायचं, असं त्यांनी आधी कबूल केलेलं असायचं. किती चाललं, ते चालणाऱ्याच्या गळ्यातल्या कार्डावरच्या शिक्क्यांवरून मोजायचं. त्यातून जे जमेल त्यावर बारावी झालेल्या एखाद्या हुशार पोराला शहरात शिकायला पाठवायचं. गावात सगळे त्याला ‘शाळेची चाल’ म्हणत.

तीन वर्षांपूर्वी ही अख्खी चाल दूधवालीच्या लेकीसाठी निघाली होती. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेतलं काम शिकायला ती जाणार होती. दीडशे माणूस चाललं. म्हातारे चालले, लेकुरवाळ्या चालल्या. शिंपीण तर अंगात ताप असताना चालली होती आणि वाटेत दोनदा ओकली होती. लेक गेली, दीड वर्ष राहिली, आणि एका दुपारी एक पेटी घेऊन एसटीतून उतरली ती कायमची. दोनदा नापास झाली होती.

हे ‘नापास’ तेवढं दूधवालीच्या तोंडातून कधी बाहेर पडलं नाही. कुणी विचारलं, तर आधी म्हणाली, सुट्टीवर आलीय. मग म्हणाली, तिथलं पाणी मानवलं नाही. मग डोळ्यांचं दुखणं निघालं, मग बापाची कंबर. दर माणसाला वेगळं कारण दिलेलं. दूध केंद्रावर रांगेत उभ्या असलेल्या बायकांनी एक दिवस ती सगळी कारणं एकमेकींना सांगितली आणि हसून हसून त्यांची पुरेवाट झाली. त्या दिवसापासून दूधवालीनं कारणं देणं बंद केलं आणि लेकीनं उंबऱ्याबाहेर येणं.

यंदा पाळी शिंपिणीच्या पोरीची होती. पोर सहा फुटाला दोन बोटं कमी, म्हणून सगळे तिला शिडी म्हणत. तिला जमीन मोजणीचं शिक्षण घ्यायचं होतं. “आई माणसं मापते, मी वावरं मापीन,” असं ती म्हणायची. पण या खेपेला शाळेच्या वहीत कशीबशी चाळीस नावं पडली होती. मागचं लोकांच्या डोक्यातून गेलं नव्हतं. मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, घरोघर फिरल्या. दूधवालीच्या दारातही आल्या, पण आग्रह केला नाही. “कार्ड ठेवून जाते,” एवढंच म्हणाल्या.

दूधवालीनं कार्ड खुंटीला अडकवलं आणि चार दिवस त्याच्याकडे बघत काढले. शिंपिणीच्या ओकाऱ्या तिला आठवत होत्या. न जाऊन कसं चालेल?

शाळेच्या फाटकाशी ती पोचली तेव्हा धुक्यात माणसांची नुसती डोकी दिसत होती. शिंपिणीनं तिच्याकडे पाहिलं आणि पदर सारखा करत दुसरीकडे वळली. मोठ्या बाई दोन शब्द बोलल्या. पहिला शिक्का मारून घ्यायला सगळे रांगेत लागले, तेव्हा दुकानदार सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “बाई, या वेळी आधी लिहून घ्या हो पोरीकडून. राहणार आहे ना तिथं? नाहीतर आमच्या चपला फुकट झिजायच्या.”

चार-सहा जण हसले. शिडीनं मान खाली घातली. दूधवालीनं कार्ड पुढे केलं, शिक्का घेतला आणि चालायला लागली.

कालव्याचा बांध तसा सरळ, पण कापणीच्या गाड्यांनी त्याची चाळण करून ठेवली होती. मध्येच पाझराचं पाणी साचून काळी माती लोण्यासारखी झालेली. पाय टाकला की चपलेला शेरभर चिखल लागायचा आणि पुढे कोरड्यात गेलं की तो दगडासारखा वाळायचा. दोन्ही अंगाला मक्याची धसकटं उभी होती. पहिले दोन किलोमीटर दूधवाली घोळक्याबरोबर राहिली. मग तिच्या टाचांच्या भेगा बोलायला लागल्या. पहाटे चारपासून ती पायावर होती. शेण काढलं, वैरण टाकली, धार काढली, कॅन घेऊन केंद्रावर जाऊन आली. एकेक करून माणसं तिच्या पुढे गेली. कुणी वळून पाहिलं नाही.

चौथ्या किलोमीटरला तिला दिसलं की पुढं कुणीतरी मुद्दाम हळू चालतंय. शिडी होती. तिच्या एका ढांगेत दूधवालीची दोन पावलं बसली असती, पण ती चपलेचा चिखल काढायच्या निमित्तानं थांबत थांबत चालली होती.

“पुढं जा गं. तुझ्यासाठी चाललंय सगळं, आणि तूच मागं?”

“असू द्या काकू. पुढं गेलं की सगळे सांगतात, नीट अभ्यास कर, गावाचं नाव काढ. कान दुखले माझे.”

दूधवालीला हसू आलं. धुकं विरळ होऊन पलीकडच्या कडेच्या बाभळी दिसायला लागल्या होत्या.

“काकू, एक विचारू? रागावणार नाही ना?”

“रागवायला अंगात जोर पाहिजे. विचार.”

“ताईला तिथं काय झालं?”

दूधवालीच्या जिभेवर सवयीनं पाण्याचं कारण आलं, डोळ्यांचं आलं, कमरेचं आलं. पण समोर दूध केंद्रावरच्या बाया नव्हत्या. सतरा वर्षांची पोर होती आणि तिचे हात कार्डाची दोरी पिळत होते.

“मला भीती वाटते काकू,” शिडी म्हणाली. “ताई माझ्यापेक्षा किती हुशार. शाळेत मला गणित तीच शिकवायची. तिला जमलं नाही, मग मला कसं जमेल? तिला काय अवघड गेलं, ते तरी कळलं असतं. आईला विचारलं तर ती म्हणते, तिचं नावच काढू नकोस.”

काय झालं होतं? नापास झाली, हे दूधवालीला ठाऊक होतं. पण का? शिकवलेलं कळत नव्हतं? कुणी त्रास दिला? आजारी पडली? ती आठवायला लागली आणि तिच्या ध्यानात आलं, की यातलं एकही तिला माहीत नाही. लेक पेटी घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा तिनं पहिलं विचारलं होतं, “येताना कुणी बघितलं का?” त्यानंतर लोकांना काय सांगायचं, याच्यातच वर्ष गेलं.

“मला ठाऊक नाही,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हणजे मी विचारलंच नाही तिला कधी.”

शिडी थांबली. दूधवाली थांबली नाही, कारण थांबली असती तर पुन्हा पाय उचलले नसते. “तू ये घरी,” ती पुढे बघत म्हणाली. “तिलाच विचार. मी विचारलं तर सांगायची नाही. तुला सांगेल कदाचित.”

पंपघराशी दुसरा शिक्का होता. तिथं पंपांचा एवढा आवाज, की माणसं एकमेकांशी खुणांनी बोलत होती. पाण्याच्या टाक्या घेऊन आलेला टेंपो सावलीत उभा होता आणि दुकानदार केव्हाच त्यात चढून बसला होता. पाचव्या किलोमीटरला त्याच्या पायात गोळा आला होता म्हणे. कार्डावर शिक्का मात्र त्यानं टेंपोतूनच हात लांब करून मारून घेतला. मोठ्या बाईंनी दूधवालीचे पाय बघितले आणि टेंपोकडे बोट दाखवलं. तिनं मान हलवली. दोन पेले पाणी प्यायली, पदर ओला करून डोक्यावर घेतला आणि परतीला लागली.

परतीचं ऊन वाईट होतं. सकाळचा चिखल सुकून त्याच्या कडा तळव्यांना टोचत होत्या. वारा नव्हता. कालव्याच्या पाण्यावरची चकाकी डोळ्यांत जायची. आता सगळेच दमले होते, त्यामुळे पुढचे-मागचे असं राहिलं नव्हतं. माणसं खालमानेनं, मुकाट्यानं पाय ओढत होती. दुसऱ्याच्या पोरासाठी चौदा किलोमीटर चालायचं म्हणजे निघताना जेवढं सोपं वाटतं, तेवढं परत येताना राहत नाही. कुणीतरी म्हणालंसुद्धा, “पुढच्या वर्षी मला विचारू नका बुवा.”

अकराव्या किलोमीटरला शिंपिणीनं तिला गाठलं.

“काय सांगत होतीस माझ्या पोरीला?”

“तिनं विचारलं ते.”

“काय विचारलं?”

“माझ्या लेकीला काय झालं, ते.”

शिंपिणीचा आवाज चढला. “हे बघ वहिनी, तुझ्या लेकीचं जे व्हायचं ते झालं. माझ्या पोरीच्या डोक्यात काही भरवू नकोस. आधीच ती ढिली पडलीय. आणि तू तिला सांगणार तरी काय? पाण्याचं की डोळ्यांचं? का गवंडीभावजींच्या कमरेचं?”

आजूबाजूची पाच-सहा माणसं चालायची थांबली. इतका वेळ कुणाला बोलायचा जोर नव्हता, पण ऐकायला सगळ्यांना होता. दूधवालीला वाटलं, आता काहीतरी बोलावं, एखादं तिखट उत्तर द्यावं. येतही होतं ओठावर. पण ती इतकी थकली होती, की खोटं रचायला लागणारी ताकदही उरली नव्हती, आणि भांडायला लागणारीही.

“नापास झाली ती,” ती म्हणाली. “एकदा नाही, दोनदा. पाणी चांगलं होतं तिथलं. डोळे चांगले आहेत तिचे. यांची कंबर वीस वर्षं दुखतेय, त्याचा हिच्याशी काही संबंध नाही. नापास झाली आणि परत आली. मी तुम्हा सगळ्यांशी खोटं बोलले.”

कालव्यात एक पाणकोंबडी बुडी मारून वर आली.

“तुझ्या अंगात ताप होता त्या दिवशी,” दूधवाली शिंपिणीला म्हणाली. “तू दोनदा ओकलीस. मी विसरले नाही. म्हणून आले आज. दुसरं काही नाही.”

शिंपीण पुढे निघाली. पण लांब गेली नाही. उरलेले तीन किलोमीटर ती दूधवालीच्या दहा पावलं पुढेच राहिली. दूधवाली मंदावली, की तीही मंदावायची. बोलली मात्र शेवटपर्यंत नाही. फाटकाशी तिसरा शिक्का घेताना दूधवालीचं कार्ड उलटं झालं, तेव्हा शिंपिणीनं ते धरून सरळ केलं.

घरी येऊन दूधवाली ओसरीवर आडवी झाली ती दिवस कलेपर्यंत. लेकीनं गरम पाण्याचं घमेलं आणून पायाशी ठेवलं आणि आत निघून गेली. कार्ड बघितलं, विचारलं काही नाही.

संध्याकाळी दूधवाली धारेला बसली आणि अंगणात कुणाच्या तरी लांब ढांगा वाजल्या. गोठ्याला आणि घराला मध्ये एक पत्र्याची भिंत. तिच्यातून सगळं ऐकू यायचं.

“ताई आहे का?” शिडी म्हणत होती.

लेकीचा आवाज आला, कोरडा. “कशाला आलीस? तुझ्या आईला ठाऊक आहे?”

“नाही. ताई, मला सांग ना, तिथं काय होतं. मी कुणाला सांगणार नाही.”

दूधवालीचे हात थांबले. म्हशीनं शेपूट झटकलं. तिनं पुन्हा धार सुरू केली, पण हळू. बादलीचा आवाज होऊ नये म्हणून ती धार कडेनं सोडत होती.

लेक आधी तुटक बोलली. मग जरा सलग. शिकवायचे ते पहिल्यांदा कळायचंच नाही, म्हणाली. सगळं इंग्रजीत, आणि भराभर. बाकीच्या मुली लिहून घ्यायच्या, ही नुसती बघत बसायची. “पण ते जमलं असतं गं. माझ्या शेजारच्या खोलीतली मुलगी तशीच होती. तिनं सरांना जाऊन सांगितलं, मला समजत नाही. सरांनी तिला संध्याकाळी बसवून शिकवलं. ती पास झाली.”

“मग तू का नाही सांगितलंस?”

“कसं सांगू? दीडशे माणसं चालली होती माझ्यासाठी. पुस्तक उघडलं की तीच दिसायची. तुझी आई ओकताना दिसायची. मला समजत नाही, असं म्हणायची लाजच वाटायची. पहिल्यांदा नापास झाले तेव्हा आईला फोन केला. म्हटलं, मला आठ दिवस घरी यायचंय. आई म्हणाली, लोकांनी तुझ्यासाठी पाय झिजवलेत, रडायला नाही पाठवलं तुला. मी फोन ठेवला. नंतर मी कुणालाच काही सांगितलं नाही.”

भिंतीच्या अलीकडे दूधवाली कास धरून बसून राहिली. तो फोन तिला आठवत नव्हता. कुठल्या तरी कामाच्या घाईत आलेला असणार. ती तसं बोलली असेल का? बोलली असेल. तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं असेल.

“तू असं करू नकोस,” लेक सांगत होती. “पहिल्या आठवड्यातच जाऊन सांग, मला कळत नाही म्हणून. कुणी हसलं तर हसू दे. आणि तुझी आई फोनवर असं काही म्हणाली, तर तो फोन ठेव आणि मला कर. मी गणितं बघून देईन. भाषा नाही जमणार मला, पण गणितं देईन. आणि एक वही दाखवते थांब, मी शब्द लिहून ठेवलेत त्यात, मागं मागं कळायला लागले होते ते.”

पेटी उघडल्याचा आवाज आला. कागद चाळले जात होते. दोघी हळूहळू बोलत राहिल्या, मध्येच शिडी हसली, आणि मग लेकही हसली. वर्षभरात त्या घरात असा आवाज झाला नव्हता.

शिडी गेली तेव्हा उजेड जेमतेम उरला होता. गोठ्याच्या दारात लेक येऊन उभी राहिली. बादली अर्धीच भरलेली बघून म्हणाली, “अजून धार व्हायचीय?”

“मी तसं म्हणाले होते? पाय झिजवल्याचं?”

लेकीनं पत्र्याच्या भिंतीकडे बघितलं. मग आईकडे. “म्हणालीस.”

“मला आठवत नाही गं.”

“मला आठवतं.”

“वाईट बोलले.”

“हं,” लेक म्हणाली. तिनं ते नाकारलंही नाही आणि माफही केलं नाही. पलीकडच्या म्हशीजवळ बसून तिनं दुसरी बादली गुडघ्यांत धरली.

दूधवालीचे पाय सुजून पाटासारखे झाले होते. डोळे मिटत होते. आत जाऊन पडावं, उद्या बघावं, असं सगळं अंग सांगत होतं. पण उद्यावर टाकत टाकतच वर्ष गेलं होतं. तिनं डोकं म्हशीच्या पोटाला टेकवलं, म्हणजे लेकीचा चेहरा दिसायला नको आणि लेकीलाही तिचा.

“मला पण सांग,” ती म्हणाली.

“ऐकलंस की सगळं.”

“भिंतीआडून ऐकलं. ते तिच्यासाठी होतं. मला सांग.”

दोन्ही बादल्यांत धारांचा आवाज येत राहिला.

“पहिल्यापासून?” लेकीनं विचारलं.

“पहिल्यापासून.”

“लांब आहे.”

“असू दे. बसलेय मी.”

लेक म्हणाली, “पहिल्या दिवशी मला वर्गच सापडला नाही. तीन मजल्यांची इमारत होती. मी प्रत्येक जिन्यावरून वर गेले आणि खाली आले, पण विचारलं कुणालाच नाही...”

आणि ती सांगत राहिली. दूधवाली मध्ये एकदाही बोलली नाही.